चौथीच्या वर्गातली उंची, घरातले ताट आणि अभ्यास: एका शिक्षिकेच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

आपण जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवता. कृतिसंशोधनासाठी आपण वर्गातल्या ४२ मुलांची उंची मोजली, दोन चाचण्यांचे गुण मांडले, उत्पन्नाच्या दाखल्यांवरून घरची मिळकत लिहून घेतली आणि प्रत्येक मुलाला ‘काल दिवसभरात काय खाल्लेस’ असे विचारले. उंच मुलांचे गुण सरासरीने जास्त निघाले, दूध-अंडी खाणारी मुले उंच निघाली, आणि या दोन्ही गोष्टी बऱ्या परिस्थितीच्या घरांत अधिक आढळल्या. आता आपल्याला हे जाणून घ्यायचे आहे की या सगळ्यांत खरे कारण कोणते, आणि बुटक्या मुलांचा आहार आजपासून सुधारला तर त्यांची उंची आणि अभ्यास दोन्ही वाढतील का.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात अकरा वर्षे आणि त्यानंतर शाळा व अंगणवाड्यांच्या आरोग्य तपासणीत पंधरा वर्षे मी मुलांची वजने-उंची घेत आलो आहे. माझ्या मते आपल्या प्रश्नात दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पहिला मागचा आहे: या मुलाची उंची त्याच्या गेल्या नऊ वर्षांविषयी काय सांगते? दुसरा पुढचा आहे: आज त्याच्यासाठी काय करता येईल? या दोहोंची उत्तरे एकसारखी नाहीत, आणि ती एकच मानली की पालकांना चुकीचा सल्ला दिला जातो.

आधी आपल्या आकड्यांविषयी थोडे बोलू, कारण पुढचे सगळे त्यांवर अवलंबून आहे. आपल्या हजेरीपटात किती मुलांची जन्मतारीख १ जून आहे, ते मोजून पाहा. आपल्याकडे जन्माची नोंद हाताशी नसली की शाळेत नाव घालताना १ जून लिहिण्याची जुनी पद्धत आहे, आणि ती अजून पूर्ण गेलेली नाही. नऊ वर्षांच्या मुलाची किंवा मुलीची उंची जागतिक आरोग्य संघटनेच्या संदर्भ तक्त्यांनुसार साधारण १३२ ते १३३ सेंटिमीटर असायला हवी, १२० च्या आसपास ती वयाच्या मानाने फार कमी समजली जाते, म्हणजेच मूल ‘खुजे’ ठरते, आणि या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. म्हणजे वयात एका वर्षाची चूक झाली, तर निरोगी आणि खुजे यांच्यातले जवळजवळ निम्मे अंतर त्या चुकीनेच भरून जाते. वय अगदी बरोबर असले तरी एका वर्गात अकरा-अकरा महिन्यांचा फरक असतोच, आणि जे मूल अकरा महिन्यांनी मोठे आहे ते उंचही असते आणि अधिक चांगले वाचतेही. तेव्हा आपल्याला दिसलेला संबंध काही अंशी उंचीचा नसून निव्वळ वयाचा असण्याची शक्यता आहे. माता-बाल संरक्षण कार्डावरून, लसीकरणाच्या कार्डावरून किंवा अंगणवाडीच्या नोंदवहीतून खरी तारीख मिळते. ती मिळवा आणि मगच वयानुसार उंची काढा.

दुसरी गोष्ट दाखल्याची. तलाठ्याच्या अहवालावरून तहसील कार्यालयातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला शिष्यवृत्तीसाठी काढलेला असतो, आणि त्यावरचा आकडा घरच्या मिळकतीपेक्षा त्या योजनेच्या मर्यादेच्या अधिक जवळ असतो. शेतकऱ्याचे आणि मजुराचे उत्पन्न एका आकड्यात बसतही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही उत्पन्न विचारत नाहीत. घर कसे आहे, पाणी कुठून येते, शौचालय, वाहन, शेती, घरातल्या वस्तू यांवरून कुटुंबांचे पाच गट करतात. आपणही तसेच करावे, आणि त्यात दोन प्रश्न आवर्जून घालावेत: आई किती शिकली आहे, आणि हे मूल वर्षातले किती महिने गावाबाहेर असते. मराठवाड्यात मला या दोन प्रश्नांनी दाखल्यापेक्षा कितीतरी अधिक सांगितले आहे. ‘काल काय खाल्ले’ या प्रश्नाचे उत्तरही काल एकादशी होती, आठवडी बाजार होता की श्रावणातला सोमवार होता यावर ठरते, म्हणून गेल्या सात दिवसांत दूध, अंडी, डाळ आणि पालेभाजी प्रत्येकी किती दिवस मिळाली हे विचारावे.

आता मुख्य मुद्दा. उंची हे अभ्यासातल्या यशाचे कारण नाही. मूल पोटात असल्यापासून साधारण दुसऱ्या वाढदिवसापर्यंत त्याला काय मिळाले आणि काय सोसावे लागले, याची ती हाडांत राहिलेली नोंद आहे, आणि ज्या गोष्टींनी हाडांची वाढ अडली त्यांतल्या अनेक गोष्टींनी त्याच काळात मेंदूच्या वाढीलाही अडथळा केलेला असतो. जन्मताना साधारण ५० सेंटिमीटर असलेले बाळ पहिल्या वर्षात सुमारे २५ सेंटिमीटर वाढते आणि दुसऱ्या वर्षात सुमारे १२. हा वेग पुढे आयुष्यात पुन्हा कधीही येत नाही, वयात येतानासुद्धा नाही. मेंदूचा आकार, त्यातल्या जोडण्या आणि मज्जातंतूंवरचे आवरण याच काळात झपाट्याने घडत असते. त्यामुळे गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या या सुमारे हजार दिवसांत अन्न अपुरे पडले, जुलाब-खोकल्याची आजारपणे पाठोपाठ आली, लोह किंवा आयोडिन कमी पडले, तर त्याची किंमत दोन्हीकडे मोजावी लागते. चौथीत आपण मोजता ती उंची बऱ्याच अंशी सात वर्षांपूर्वीच ठरून गेलेली असते.

या काळात आपल्या घरांत नेमके काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. उष्टावण थाटात होते, मामा चांदीच्या वाटीने खीर भरवतो, आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाला वरणाचे वरचे पाणी, भाताची पेज आणि चहात बुडवलेले बिस्किट मिळते. आई निंदणीला किंवा कापूस वेचायला गेलेली असते आणि बाळ आजीजवळ किंवा पाच-सहा वर्षांच्या बहिणीजवळ असते. पोट भरते, पण त्या पाण्यात डाळ नसते, तेल-तूप नसते, अंड्याचा तर विषयच निघत नाही, कारण ‘दात आल्याशिवाय पचत नाही’ असे घरातल्या मोठ्यांनी सांगितलेले असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी केवळ सुमारे ११ टक्क्यांना पुरेसा आहार मिळत असल्याचे आढळले. हा आकडा मी प्रत्येक अंगणवाडी प्रशिक्षणात सांगतो, कारण तो फक्त गरिबीतून येत नाही.

आपण विचाराल की हा संबंध आहे हे खरे, पण आहारामुळेच शिक्षण बदलते याचा पुरावा काय? गरीब घरात आहारही कमी आणि पुस्तकेही कमी असतात, मग श्रेय कोणाला द्यायचे? या शंकेचे सर्वांत चांगले उत्तर मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाने दिले आहे. तिथल्या पोषण संस्थेने १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत एक प्रयोग केला. दोन खेड्यांत रोज ‘आतोले’ नावाची, दुधाची भुकटी आणि वनस्पतिज प्रथिने असलेली पेज दिली, आणि उरलेल्या दोन खेड्यांत ‘फ्रेस्को’ नावाचे, प्रथिने नसलेले गोड पेय दिले. गर्भवती स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि लहान मुले ते घेत. दोन्हीकडे दवाखान्याची सोय सारखी होती. पेज मिळालेली मुले तिसऱ्या वर्षी सुमारे अडीच सेंटिमीटरने उंच निघाली, आणि तीन वर्षांच्या पुढे मिळालेल्या पेजेने उंचीत असा फरक पडला नाही. खरे महत्त्वाचे निष्कर्ष तीस-पस्तीस वर्षांनी आले. संशोधकांनी त्याच माणसांना पुन्हा शोधून काढले, तेव्हा बालपणी पेज मिळालेल्या स्त्रिया सरासरी १.२ इयत्ता जास्त शिकलेल्या होत्या, स्त्री-पुरुष दोघांचेही वाचन आणि तर्काच्या चाचण्यांतले गुण अधिक होते, आणि पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या पुरुषांची ताशी मजुरी ४६ टक्क्यांनी जास्त होती. कोणत्या खेड्याला काय मिळावे हे कुटुंबाच्या ऐपतीवरून ठरलेले नव्हते. म्हणूनच मी या प्रयोगाला साध्या सर्वेक्षणांपेक्षा कितीतरी जास्त मान देतो.

त्याच्या शेजारी जमैकातला प्रयोग ठेवला पाहिजे, नाहीतर चित्र अर्धवट राहते. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या, नऊ ते चोवीस महिन्यांच्या १२९ खुज्या मुलांचे गट केले. काहींना दोन वर्षे दर आठवड्याला दुधाची भुकटी दिली. काहींच्या घरी दर आठवड्याला आरोग्य सेविका तासभर जाई आणि टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी, चित्रे, बोलणे, गाणी यांतून मुलाशी कसे खेळावे ते आईला शिकवी. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा ज्यांच्याशी खेळले-बोलले गेले होते त्यांची कमाई २५ टक्क्यांनी जास्त होती, आणि खुजेपणा नसलेल्या मुलांना त्यांनी गाठले होते. नुसत्या पूरक आहाराचा असा टिकाऊ लाभ दिसला नाही. ती मुले मोठी होऊन उंच झाली नव्हती, तरी त्यांचे आयुष्य सुधारले. उंचीला नशीब समजण्याचा मोह होईल तेव्हा या १२९ मुलांची आठवण ठेवावी, असे मी माझ्या सहकाऱ्यांना सांगतो.

इथे परिस्थितीनुसार किती फरक पडतो, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. इक्वाडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिले, तेव्हा त्यांची लांबी स्पष्टपणे वाढली. तोच प्रयोग मलावीत केला, तेव्हा लांबीत फरक पडला नाही, आणि त्यामागचे एक संभाव्य कारण असे की तिथल्या बाळांच्या जेवणात मासे आधीपासूनच होते. जिथे जे कमी आहे तिथेच ते दिल्याचा उपयोग होतो. मेळघाटातले घर, बीडच्या ऊसतोड कामगाराची खोपी, रत्नागिरीतले मासळी खाणारे घर आणि पुण्यातली सदनिका या चार ठिकाणी काय कमी आहे याचे उत्तर एकच असणार नाही.

उत्पन्नाकडे वळतो, कारण आपल्या वर्गातला सर्वांत ठळक फरक तिथे दिसला असे आपण लिहिले आहे. संबंध आहे यात शंका नाही. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातल्या सर्वांत गरीब पंचमांश घरांत पाच वर्षांखालची ४६ टक्के मुले खुजी आढळली, सर्वांत श्रीमंत पंचमांशात २३ टक्के. आई शाळेत गेलीच नसेल तर ४६ टक्के, आणि ती बारावी किंवा त्यापुढे शिकली असेल तर २६ टक्के. बहुतेक लेख इथे थांबतात आणि गरिबी हटली की प्रश्न सुटेल असे म्हणतात. मला मात्र यातला २३ चा आकडा जास्त बोलका वाटतो. जिथे सगळ्या मुलांना सगळे मिळाले आहे, अशा समाजात या व्याख्येने जेमतेम दोन-अडीच टक्के मुले खुजी ठरतात. आपल्याकडच्या सुस्थित घरांतही जवळजवळ चौथा हिस्सा मुले त्या रेषेखाली असतील, तर पैसा हातात असूनही मुलापर्यंत काहीतरी पोचत नाही, असाच त्याचा अर्थ होतो. महाराष्ट्र गरीब राज्य नाही, तरी इथले प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. २००५ मध्ये कुपोषण कमी करण्यासाठी राज्याचे राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाल्यानंतरच्या वर्षांत ते चांगले खाली आले होते. त्या काळात मी स्वतः गावोगाव फिरलो आहे, आणि पुढे हे प्रमाण जागच्या जागी थांबल्याचे मला फार दुःख आहे.

न पोचणाऱ्या त्या गोष्टींपैकी एक आईच्या शरीरात आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. त्या मातांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर होती, गर्भधारणेपूर्वीचे वजन सुमारे ४२ किलो, आणि बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास. एकूण किती उष्मांक खाल्ले याच्याशी बाळाच्या आकाराचा फारसा संबंध दिसला नाही, पण हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध खाणाऱ्या मातांची बाळे मोठी निघाली. पुढे याच मुलांच्या नवव्या वर्षी केलेल्या तपासणीत, गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फार कमी होते त्यांची मुले लक्ष टिकवण्याच्या आणि अल्पकालीन स्मरणाच्या चाचण्यांत काहीशी मागे दिसली. बी-१२ केवळ प्राणिज पदार्थांत असते, आणि आपल्याकडे त्याचा सर्वसाधारण मार्ग म्हणजे दूध. ज्या घरी म्हैस आहे त्या घरचे दूध सकाळी डेअरीच्या कॅनमध्ये जाते आणि सुनेच्या वाट्याला काळा चहा येतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की ‘घरी दूध आहे का’ हा प्रश्न मी सोडून दिला. आता ‘दूध कोण पिते’ असे विचारतो.

दुसरी गोष्ट घरातल्या क्रमाची आहे. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की भारतातली पहिली मुले आफ्रिकेतल्या पहिल्या मुलांपेक्षा बुटकी नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या अपत्यापासून उंची झपाट्याने घसरत जाते, आणि मुलग्याची वाट पाहणाऱ्या घरांतल्या मुलींना त्याची झळ अधिक बसते. आपल्या तक्त्यात ‘कितवे अपत्य’ हा रकाना नसेल, तर तो जरूर घाला.

तिसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले जोडपे मार्च-एप्रिलमध्ये परत येते. मुकादमाकडून घेतलेली उचल हातात असते, त्यामुळे त्या वर्षी घरात पैसा आलेला दिसतो. पण सोबत गेलेले दीड वर्षाचे बाळ पहाटेपासून फडाच्या कडेला असते, अंगणवाडीचा घरपोच आहार गावात राहिलेला असतो आणि मोठी बहीण शाळा सोडून बाळ सांभाळत असते. उत्पन्न वाढले, पण एका मुलाची उंची आणि दुसऱ्या मुलीचे शिक्षण एकाच हंगामात मागे पडले. म्हणून उत्पन्न आणि शिक्षण यांचा संबंध सरळ रेषेत मांडला की मला अस्वस्थ वाटते. पैसा कुणाच्या हातात आला, आणि त्यासाठी घरातल्या कुणाचा वेळ गेला, हे त्यात दिसत नाही.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: वयाची चूक दूर केल्यावर उरणारा उंचीचा फरक बराचसा पहिल्या दोन वर्षांतून आलेला असतो, त्यात आईचे पोषण, बाळाचे ताट, आजारपण आणि घरातला क्रम हे सगळे असते, आणि उत्पन्न या सगळ्यांच्या मागे उभे असते, पण यांपैकी कशाचीही जागा घेत नाही. आनुवंशिकताही असतेच. आईवडील दोघेही बुटके असतील आणि मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढत असेल, तर ते निरोगी असू शकते. पण आईवडिलांची उंचीसुद्धा त्यांच्या बालपणीच्या उपासमारीतून आलेली असू शकते. दक्षिण कोरियात १८९६ मध्ये जन्मलेल्या स्त्रियांपेक्षा १९९६ मध्ये जन्मलेल्या स्त्रिया सुमारे २० सेंटिमीटरने उंच आहेत, आणि शंभर वर्षांत कोणत्याही समाजाची जनुके इतकी बदलत नाहीत.

आता पुढचा प्रश्न. आपल्या वर्गातल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा आहार आज सुधारला तर काय होईल? उंचीत थोडी भर पडेल, विशेषतः वयात येण्याआधी दोन-तीन वर्षे चांगली मिळाली तर, पण सुरुवातीला गेलेले सगळे भरून येईल अशी आशा कुणालाही दाखवू नये. अभ्यासात मात्र आहाराचा उपयोग आजही आहे, आणि त्याचा मार्ग उंचीतून जात नाही. रिकाम्या पोटी आलेले मूल पहिल्या दोन तासांत शिकत नाही. रक्तक्षय असलेले मूल वर्गात असते, पण लवकर थकते, चिडचिडे होते, फळ्याकडे पाहत बसते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि तीच मुले आज प्राथमिक शाळेत आहेत. म्हणून आठवड्याची लोहाची गोळी, वर्षातून दोनदा जंतनाशकाची गोळी, आयोडिनयुक्त मीठ, आणि शालेय पोषण आहारात डाळ खरोखर पडते का याकडे लक्ष, हे उपाय मी आधी सांगेन. पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. खिचडी पातळ झाली की प्रथिने आधी कमी होतात, आणि ते शिक्षिकेला नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येते. लोहाची गोळी उपाशीपोटी दिली की मळमळते आणि मूल पुढच्या आठवड्यात ती फेकून देते, म्हणून ती जेवणानंतर आपल्यासमोर द्यावी. याच्याबरोबर डोळे आणि कान तपासून घ्या. मागे पडलेल्या मुलांत चष्म्याची गरज असलेली दोन-तीन मुले मला बहुतेक प्रत्येक वर्गात सापडली आहेत, आणि त्यांचा उंचीशी काहीही संबंध नव्हता.

उंची वाढवण्याच्या भुकट्यांचे डबे मात्र पालकांना कधीही सुचवू नका. एका शेतमजुराने आपल्या सहावीतल्या मुलासाठी असा डबा आणला होता आणि त्यासाठी घरातली तूरडाळ महिनाभर निम्मी केली होती. त्याच पैशात रोज एक अंडे, मूठभर शेंगदाणे आणि गूळ त्या मुलाला कितीतरी दिवस मिळाले असते.

एक चूक माझ्याच हातून झाली होती, ती इथे सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत शाळा तपासणीत मी एका वडिलांना, त्यांच्या मुलीसमोर, ‘हिची वाढ खुंटलेली आहे, त्याचा परिणाम बुद्धीवर होतो’ असे सांगितले. वाक्य पुस्तकात होते तसेच होते. पुढच्या वर्षी ती मुलगी शाळेत दिसली नाही. शिक्षकांना विचारल्यावर कळले की वडील म्हणाले, डॉक्टरांनीच सांगितले आहे की हिला शिकून उपयोग नाही. मी त्यांच्या घरी गेलो, समजावले, बऱ्याच विनवण्या केल्या, पण ती परत शाळेत आली नाही. मोठ्या गटांच्या सरासरीतून निघालेला निष्कर्ष एका मुलीला लावण्याचा मला काही अधिकार नव्हता. सधन देशांतल्या अभ्यासांत उंची आणि बुद्धिमापन यांच्यातला सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.१ ते ०.२ एवढाच निघतो. म्हणजे मुलांमुलांतल्या फरकाचा चार टक्क्यांहून अधिक भाग उंचीवरून सांगता येत नाही. उरलेला सगळा भाग इतर गोष्टींचा, आणि त्यात चांगला शिक्षक येतो. तेव्हा आपल्या अहवालात कुठल्याही मुलाचे नाव उंचीसमोर लिहू नका, आणि भिंतीवर तो तक्ता लावू नका.

अहवालाच्या निष्कर्षाबद्दलही थोडे सांगतो. ४२ मुलांच्या नोंदींत सहसंबंध साधारण ०.३ च्या खाली असेल तर तो योगायोगानेही आलेला असू शकतो, आणि त्याच्या वर असला तरी इतक्या कमी मुलांवरून उंची, आहार आणि परिस्थिती यांचा वाटा वेगवेगळा काढता येणार नाही. हे स्पष्ट लिहिल्याने अहवालाची किंमत कमी होत नाही. त्याऐवजी केवळ आपल्यालाच करता येईल असे एक काम सुचवतो: दर तीन महिन्यांनी त्याच मुलांची उंची त्याच भिंतीपाशी, चप्पल काढून, मुलींच्या डोक्यावरचे केस मोकळे करून, टाच, पाठ आणि डोके टेकवून मोजा, आणि शेजारी त्या तिमाहीतली हजेरी लिहा. एकदा मोजलेली उंची भूतकाळ सांगते, तर वाढीचा वेग आज काय चालले आहे ते सांगतो. या वयात वर्षभरात चार सेंटिमीटरसुद्धा न वाढलेले मूल दिसले, तर ते मूल डॉक्टरांकडे पाठवायलाच हवे, मग त्याचे गुण कितीही चांगले असोत. त्यात थायरॉइडचा किंवा आतड्याचा असा एखादा आजार सापडू शकतो, ज्यावर औषध आहे.

शेवटी आपल्या वर्गातल्या मुलींविषयी. भारतातल्या मध्यान्ह भोजनावरचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांना त्या स्वतः प्राथमिक शाळेत असताना हे जेवण मिळाले होते, त्यांच्या मुलांची वयानुसार उंची इतरांच्या मुलांपेक्षा अधिक असल्याचे त्यात दिसले. त्या स्त्रिया जास्त शिकल्या, त्यांना मुले कमी झाली आणि गरोदरपणी त्या दवाखान्यात अधिक गेल्या, हे त्यामागचे मार्ग होते. आपण विचारलेला संबंध इथे उलट दिशेने चालतो: आधी मुलीचे शिक्षण, मग तिच्या बाळाची उंची. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, आणि ऊसतोडीच्या पट्ट्यात मुलगी सातवी-आठवीत असतानाच स्थळे पाहायला सुरुवात होते, कारण कोयत्याला जोडी लागते, म्हणजे ऊसतोडीचे काम नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. आपल्या चौथीतल्या ज्या मुलींचे आईवडील यंदा दिवाळीनंतर निघणार आहेत, त्यांची यादी सप्टेंबरमध्येच करून हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांकडे द्यावा, आणि जाण्याच्या आदल्या आठवड्यात आजी-आजोबांशी एकदा बोलून घ्यावे. जन्मतारखा दुरुस्त झाल्यावर आपला तक्ता मला पाठवलात, तर वयानुसार उंची काढायला मी आनंदाने मदत करेन.